पांथरी 'एकदाची' काढून टाकायची?

दिवाळीची झाडलोट चालली होती. माळ्यावरचे डबे खाली, अंगणात रद्दीचा ढीग, आणि तेवढ्यात दारात आमच्या जुन्या गल्लीतली मैत्रीण उभी! हातात कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड फाइल. तिची लेक ९ वर्षांची. थॅलेसेमिया मेजर. बाळ आठ महिन्यांचं असताना निदान झालं, तेव्हापासून जिल्ह्याच्या गावी नेऊन रक्त चढवणं, हेच या घराचं पंचांग. सणवार, लग्नकार्य सगळं त्या तारखा सोडून.

पाणी प्यायली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "ताई, पोरीची पांथरी वाढलीय. घरात सगळे म्हणतात, एकदाची काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल. तुम्ही पेपरात लिहिता. मला एवढंच सांगा, काढू की नको?"

मी विचारलं, "तुझं काय मत आहे?"

ती हसली. म्हणाली, "माझं कशाला कोण विचारतंय? सासरे, दीर, त्यांच्या ओळखीचे एक कंपाउंडर, सगळे बसून बोलतात. मी फाइल धरते."

मैत्रिणींनो, त्या दोन वाक्यांवर मी अडले. एक ते 'एकदाची' आणि दुसरं 'मी फाइल धरते'. मी डॉक्टर नाही. काढ किंवा नको, असं सांगण्याचा मला अधिकार नाही. पण गेले दोन महिने तिच्याबरोबर दवाखान्यात बसले, डॉक्टरांना प्रश्न विचारले, वाचलं. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यासमोर मांडते आहे. कारण अशा फाइली धरणाऱ्या बाया आपल्या गावागावांत आहेत.

आधी पांथरी म्हणजे काय ते बघू. रिपोर्टवर 'प्लीहा' किंवा 'स्प्लीन' लिहिलेलं असतं. आपल्या आज्या मात्र पांथरीच म्हणायच्या, कारण हिवतापाच्या दिवसांत गावोगाव पोरांची पोटं तिच्यामुळे फुगलेली त्यांनी पाहिली होती. एखाद्या गावात हिवताप किती, हे ठरवायला पूर्वी शाळेतल्या मुलांची पोटं चाचपून किती जणांची पांथरी हाताला लागते ते मोजत. निरोगी माणसाची पांथरी डाव्या बरगड्यांच्या आड लपलेली असते. साधारण मुठीएवढी, वजन दीड-दोनशे ग्रॅम. हाताला लागतच नाही.

पण काम केवढं! रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हाताऱ्या झालेल्या, वाकड्या-तिकड्या झालेल्या पेशी पांथरी गाळून बाजूला काढते. आपण पीठ चाळतो तसं. प्लेटलेटचा साठा ठेवते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारे काही जंतू रक्तात शिरले, की त्यांना पहिल्या फटक्यात पकडते. ती घराची चाळणी आणि घराचा राखणदार, दोन्ही.

आता रक्ताचा जुनाट आजार असला, की या चाळणीवर भार पडतो. थॅलेसेमियात तांबड्या पेशी धड तयारच होत नाहीत. ज्या होतात त्या लवकर मोडतात. शरीर मग हाडांतल्या मगजाबाहेर, म्हणजे पांथरीत आणि यकृतातही रक्त बनवायची धडपड करतं. त्यात पांथरी वाढते. वाढलेली पांथरी चांगल्या पेशीही अडकवून ठेवते, चढवलेलं रक्तही खाऊ लागते. हिमोग्लोबिन उतरतं, प्लेटलेट उतरतात, पांढऱ्या पेशी उतरतात. पोरीचं पोट पुढे येतं, दोन घासांत पोट भरतं, डावीकडे दुखतं. तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतंच, "काढून टाका एकदाची!"

आणि तसं म्हणणाऱ्याचं सगळंच चुकतं असंही नाही हं! काही मुलांसाठी ऑपरेशन खरोखर उपकारक ठरतं. रक्ताच्या पिशव्या कमी लागतात, प्लेटलेट सुधारतात, पोट हलकं होतं, पोर जेवायला लागतं. पण थॅलेसेमिया मेजरमध्ये पांथरी काढली तरी आजार जात नाही. रक्त चढवणं कमी होतं, बंद होत नाही. माझ्या मैत्रिणीच्या घरी सगळ्यांची समजूत मात्र हीच होती, की आता जिल्ह्याच्या चकरा संपल्या!

उलट, तांबड्या पेशी चकतीऐवजी चेंडूसारख्या गोल होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात आजार त्रासदायक असेल तर पांथरी काढल्यावर रक्तक्षय बहुतेक आटोक्यात येतो. म्हणजे बघा, पांथरी तीच, ऑपरेशन तेच, पण आजार वेगळा, म्हणून फळ वेगळं. शेजारच्या गावातल्या अमक्याच्या पोराची काढली आणि तो ठणठणीत झाला, एवढ्यावर आपल्या लेकीचा निर्णय घेता येत नाही. "कशामुळे वाढली?" हा पहिला प्रश्न. काढायची का, तो दुसरा.

आम्ही दोघी रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे मला एक गंमत कळली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, तो पोटाचा नव्हता. त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षभरात किती पिशव्या रक्त दिलं?" दवाखान्याच्या फाइलमध्ये अर्ध्या नोंदी होत्या, अर्ध्या नव्हत्या. मी मनात म्हटलं, आता काय! तर मैत्रिणीने पिशवीतून दुधाच्या हिशेबाची वही काढली. मागच्या पानांवर तारीखवार सगळं लिहिलेलं. कोणत्या दिवशी किती पिशव्या, चढवण्याआधी हिमोग्लोबिन किती, पोरीला थंडी वाजली का, ताप आला का. डॉक्टर त्या वहीकडे बघतच राहिले. जिला 'तुला काय कळतंय' म्हणून बाजूला बसवलं होतं, तिच्याच वहीवर हिशेब सुरू झाला!

हिशेब असा. पोरीचं वजन २० किलो. वर्षात १५ पिशव्या. एका पिशवीत साधारण २५० मिली घट्ट रक्तपेशी धरल्या, तर झाले ३७५० मिली. भागिले २०, म्हणजे किलोमागे वर्षाला सुमारे १८८ मिली. हा आकडा वर्षाला २०० ते २२० मिलीच्या वर जाऊ लागला, की पांथरी फार रक्त खाते आहे अशी शंका घेतात आणि ऑपरेशनचा विचार पुढे येतो. पिशवीतलं रक्त किती घट्ट यावरही हा हिशेब हलतो, त्यामुळे तो डॉक्टरांनीच पक्का करायचा. पण वही ठेवणं आपल्या हातात आहे ना?

मग डॉक्टरांनी दुसरी गोष्ट दाखवली. पोरीला रक्त द्यायची वेळ यायची तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहापर्यंत उतरलेलं असायचं. कधी रक्त मिळालं नाही, कधी एसटी चुकली, कधी घरात लग्न. थॅलेसेमियात हिमोग्लोबिन साधारण ९ ते साडेदहाच्या खाली जाऊ न देता पुढचं रक्त चढवावं, असं आता मानतात. तसं झालं तर शरीराची ती धडपड थांबते आणि पांथरी मुळात वाढतच नाही, किंवा वाढलेली काही वेळा थोडी उतरते. "आपण आधी सहा महिने रक्त वेळेवर देऊ, लोह बाहेर काढणारं औषध एकही दिवस न चुकवता देऊ, आणि मग पुन्हा मोजू," असं ते म्हणाले. बरगडीखाली पांथरी किती बोटं आहे, याचीही नोंद वहीत झाली.

म्हणजे 'काढायची की ठेवायची' याच्या आधी 'रक्त नीट मिळतंय का' हा प्रश्न होता. आणि तो कुणी विचारलाच नव्हता. पाया सोडून कळसाला हात घालायला निघालो होतो आपण!

अर्थात सगळ्यांनाच थांबता येतं असं नाही. रक्त वेळेवर देऊनही पिशव्या वाढतच चालल्या, प्लेटलेट इतक्या उतरल्या की रक्तस्रावाची भीती, पांथरी एवढी मोठी की पोर जेवत नाही, झोपत नाही, तर मग हट्टाने 'ऑपरेशन नकोच' म्हणणं हाही शहाणपणा नव्हे. थांबण्यालाही किंमत असते. रक्त जास्त चढवावं लागलं की त्याबरोबर लोह जास्त साठतं, आणि ते हृदयात, यकृतात जाऊन बसतं. मोठी पांथरी मार लागून फुटूही शकते. म्हणून अशा मुलांनी पोटावर मार बसेल असे खेळ टाळायचे. पडल्यावर डावीकडे किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ आली, घाम सुटला, चक्कर आली, तर तडक दवाखाना.

आता दुसरं पारडं बघू. ऑपरेशन म्हणजे काय काय?

सहसा मूल पाच वर्षांचं होईपर्यंत थांबतात, कारण लहान वयात पांथरी नसण्याचा धोका फार. कारण काय? पूर्वी पांथरीविना माणसाचं काही अडत नाही असंच समजत. १९५२ साली अमेरिकेतल्या किंग आणि शूमाकर या डॉक्टरांनी लिहिलं, की पांथरी काढलेल्या तान्ह्या बाळांना फार भयंकर जंतुसंसर्ग झाले. तेव्हापासून जग सावध झालं. राखणदार गेला की ते न्यूमोनियाचे, मेंदूज्वराचे जंतू रक्तात मोकाट सुटतात. सकाळी साधा ताप, आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतलेलं, असं होऊ शकतं. असा संसर्ग रोज कुणाला होत नाही, क्वचितच होतो. पण होतो तेव्हा वेळ देत नाही. पहिली काही वर्षं धोका जास्त, पण तो जन्मभर थोडा तरी राहतोच.

म्हणून ऑपरेशन ठरलंच, तर त्याच्या निदान दोन आठवडे आधी लशी द्याव्या लागतात. न्यूमोनियाच्या, मेंदूज्वराच्या आणि हिब नावाच्या जंतूच्या. यातल्या काही सरकारी लसीकरणात बाळपणीच मिळालेल्या असतात, काही विकत घ्याव्या लागतात. लसीकरणाचं कार्ड सांभाळून ठेवा, सापडत नाही म्हणू नका! काही लशी पुढे पुन्हा घ्यायच्या असतात, फ्लूची दरवर्षी. शिवाय पेनिसिलिनची गोळी रोज, लहान मुलांना वर्षानुवर्षं. किती काळ, ते डॉक्टर ठरवतात.

आणखी एक. पांथरी काढल्यावर प्लेटलेट एकदम वाढतात, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. थॅलेसेमियाच्या मधल्या प्रकारात, ज्यांना नियमित रक्त लागत नाही अशांत, हा धोका जास्त दिसतो. पुढे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाबही वाढू शकतो. म्हणूनच पूर्वी जेवढ्या सहज पांथरी काढत, तेवढ्या सहज आता काढत नाहीत.

ऑपरेशनची पद्धत मात्र सुधारली आहे. १९९० नंतरच्या दशकात दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांतून पांथरी काढणं सुरू झालं. त्यात दुखणं कमी, घरी लवकर. पांथरी फारच मोठी असेल तर पोट उघडावंच लागतं. काही ठिकाणी थोडी पांथरी मागे ठेवून बाकीची काढतात, म्हणजे राखण अगदीच संपत नाही. पित्ताशयात खडे असतील, आणि या आजारांत ते पुष्कळदा असतात, तर तेही त्याच वेळी काढायचे का, हे आधी विचारून ठेवावं.

तर मैत्रिणींनो, कळलं ना 'एकदाची' या शब्दाची गोम? ऑपरेशन एकदा होतं. त्यानंतरची काळजी मात्र रोजची. एक काळजी देऊन दुसरी काळजी घ्यायची, असा हा व्यवहार आहे. कधी तो फायद्याचा असतो, कधी नसतो. पण ती दुसरी काळजी घेणार कोण? गोळी रोज आठवणीने देणार कोण? रात्री दोन वाजता कपाळाला हात लावून बघणार कोण? तीच, जी फाइल धरते. मग जिच्या अंगावर निभावणं पडणार, तिलाच बैठकीतून वगळायचं, हा कुठला न्याय?

आईच्या हाताची ताकद सांगणारी एक गोष्ट मला या निमित्ताने वाचायला मिळाली. सिकलसेल हा आपल्या विदर्भातला, मेळघाट-नंदुरबारकडचाही आजार. त्यात लहान बाळांची पांथरी कधी कधी काही तासांत अचानक फुगते. अंगातलं रक्त तिच्यात अडकून बसतं, बाळ पांढरं पडतं, मलूल होतं. वेळेत रक्त मिळालं नाही तर बाळ हातचं जातं. जमैका नावाच्या दूरच्या बेटावरही हा आजार खूप. तिथे किंग्स्टनच्या डॉक्टरांनी १९७३ पासून सिकलसेलच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला आणि आयांना बाळाचं पोट चाचपून पांथरी ओळखायला शिकवलं. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष छापले. आयांमुळे असे झटके पूर्वीपेक्षा जास्त लक्षात येऊ लागले, आणि मृत्यू मात्र खूप कमी झाले. ना नवं औषध, ना मोठं यंत्र. फक्त आईची बोटं आणि तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा दवाखाना!

आपल्याकडेही सिकलसेलच्या मुलाच्या आईने डॉक्टरांना हक्काने म्हणावं, "मला पांथरी बघायला शिकवा." बाळ अचानक पांढरं पडलं, पोट डावीकडे टम्म लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. असा झटका पुन्हा पुन्हा येऊ लागला तर तिथे पांथरी काढण्याचा विचार होतो. नुसती वाढली म्हणून लगेच नव्हे. सिकलसेलच्या बऱ्याच रुग्णांत ती पुढे आपणहून आक्रसते. आपल्याकडच्या रुग्णांत मात्र ती मोठी राहिलेली जास्त वयापर्यंत दिसते, म्हणून तपासणी चालू ठेवायची.

आता घरातल्या मोठ्यांकडेही वळू, कारण पांथरी फक्त पोरांची वाढत नाही. साठीच्या सासूबाई म्हणतात, "दोन घासांत पोट भरतं गं, डावीकडे दगड ठेवल्यासारखं वाटतं." रात्री घाम, वजन उतरलेलं. आपण म्हणतो, अ‍ॅसिडिटी असेल! पुष्कळदा असतेही. पण कधी मायलोफायब्रोसिस नावाचा आजार निघतो. यात हाडांतला मगज तंतूंनी भरून घट्ट होतो, रक्त बनायला जागा उरत नाही आणि पांथरी वाढत जाते, कधी बेंबीच्याही खाली.

इथे पर्याय पुन्हा वेगळे. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. त्रास असेल तर हायड्रॉक्सियुरियासारख्या गोळ्या. २००५ साली या आजारामागचा जॅक-२ नावाचा जनुकातला बदल सापडला, त्यावरून रुक्सोलिटिनिब हे औषध आलं. २०११ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याने पुष्कळांची पांथरी लहान होते, घाम आणि पोटाचा जडपणा कमी होतो. पण औषध महागडं, त्याने रक्तक्षय वाढू शकतो, नागीण किंवा जुना क्षयरोग डोकं वर काढू शकतो. आणि पैसे संपले म्हणून ते एका दिवसात बंद करायचं नाही, त्रास एकदम उसळतो. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करायचं. या वयात, या आजारात पांथरी काढणं जोखमीचं असतं, म्हणून बाकी काही चालेनासं झालं की निवडक रुग्णांतच करतात. काहींना तिच्यावर किरणोत्सर्ग देऊन काही महिने आराम मिळतो. तेव्हा सासूबाईंनाही विचारा, त्यांना कशाचा त्रास जास्त होतो, काय नको वाटतं. म्हातारं माणूस म्हणून त्यांच्या डोक्यावरून बोलणी करू नका.

आता थोडं कडू बोलते. रागावू नका.

एक, डाव्या कुशीवर चोळणं, डाग देणं, बिब्बा घालणं हे अजून चालतं. मेळघाटात तर पोट फुगलेल्या बाळांना तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची 'डम्मा' नावाची प्रथाच आहे. वाढलेली पांथरी चोळली तर फुटू शकते. डागाने पांथरी उतरत नाही, बाळाला जखम तेवढी होते.

दोन, 'रक्त कमी' म्हटलं की आपण लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक आणतो. थॅलेसेमियाच्या मुलाच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असतं. त्याला विचारल्याशिवाय लोह देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात!

तीन, आणि हे सगळ्यात जिव्हाळ्याचं. मुलीची पांथरी काढलेली असली, की लग्नाच्या वेळी घरचे ते लपवतात. "पोटावर खूण कसली?" "अपेंडिक्सची." विषय संपला! सासरी कुणाला पत्ता नाही. पुढे एक दिवस तिला ताप येतो. सासू क्रोसिन देते, नवरा म्हणतो उद्या बघू. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? त्यांना कुठे माहीत आहे, की या घरात ताप म्हणजे 'उद्या बघू' नाही! ती पोरगीही बोलत नाही, कारण आईने शपथ घातलेली. मैत्रिणींनो, असं लपवून मिळालेल्या संसारात लेकीचा जीवच टांगणीला लागतो. लग्न मोडेल ही भीती मला कळते. मीही आई आहे. पण सांगून मोडलेलं लग्न परत जुळतं.

म्हणून पांथरी नसलेल्या प्रत्येकाने एक कार्ड कायम जवळ ठेवावं, पर्समध्ये, दप्तरात. मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं, 'माझी पांथरी काढलेली आहे. ताप हा तातडीचा समजावा.' ताप १०१ च्या आसपास गेला किंवा हुडहुडी भरली, तर घरगुती उपाय न करता तासाभरात दवाखाना गाठायचा. गाव लांब असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी ठेवायचा का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. कुत्रं चावलं तरी तसंच, रेबीजच्या इंजेक्शनबरोबर पांथरी नसल्याचं सांगायचं. आणि मच्छरदाणी विसरायची नाही, हिवताप अशा माणसाला जास्त छळतो.

दवाखान्यात जाताना हे प्रश्न वहीत लिहून न्या:

पांथरी कशामुळे वाढली आहे, निदान पक्कं आहे का? आत्ता काढली नाही तर काय होईल, सहा महिने थांबता येईल का? काढल्याने नेमकं काय सुधारेल आणि काय तसंच राहील? तिला लहान करणारं औषध या आजारात आहे का? ऑपरेशन दुर्बिणीतून होईल का, किती रक्त लागेल? लशी कोणत्या, कधी? नंतर गोळ्या किती वर्षं? रात्री ताप आला तर फोन कुणाला?

एवढं विचारायला दहा मिनिटं पुरतात. डॉक्टर घाईत असतील तर म्हणा, "डॉक्टर, मला पुढच्या वेळी पाच मिनिटं जास्त द्या." आणि जमलं तर रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांचं दुसरं मत घ्या. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. सोनं घेताना आपण चार दुकानं फिरतो, मग इथेच संकोच का?

खर्चाचंही बोलू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, कुठल्या रुग्णालयात बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. थॅलेसेमिया, सिकलसेल हे आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत, त्याचं प्रमाणपत्र काढून ठेवा. कुणी उपकार करत नाही, हक्क आहे तो.

माझ्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, असं विचाराल. निर्णय अजून झालेला नाही. सहा महिन्यांतले दोनच झालेत. रक्त आता वेळेवर चढतंय, कारण दिराने गावातल्या तरुणांची रक्तदात्यांची यादी केली. बोलणी करणाराच कामाला लागला! पोरगी गोळीला तोंड वाकडं करते, पण घेते. चार महिन्यांनी पांथरी पुन्हा मोजायची. उतरली तर ठीक, नाही तर ऑपरेशनचं ठरेल, आणि तेही लशी घेऊन, सगळं समजून.

मागच्या खेपेला घरातले सगळे डॉक्टरांसमोर बसले होते. डॉक्टर काहीतरी विचारू लागले, तर सासरे म्हणाले, "थांबा डॉक्टर, तिला विचारा. वही तिच्याकडे आहे."

ती मला हे सांगत होती तेव्हा हसत नव्हती. फाइल मांडीवर होती, वही मात्र हातात घट्ट धरलेली.

तुमच्या घरी अशी फाइल असेल, तर आज संध्याकाळी एक कोरी वही काढा. पहिल्या पानावर तारीख घाला.